दारं म्हणजे दार नव्हे

ही गोष्ट सांगायची मी टाळत आलो. टाळण्यासारखी ती मोठी नाही, एका शब्दाची आहे. म्हणूनच टाळता आली.

गेल्या महिन्यात एक तरुण शिक्षिका घरी आल्या. "'दार मिटले' या गाण्याचे संग्राहक तुम्हीच ना?" म्हणाल्या. त्यांच्या शाळेत मुली ते गाणं दर संमेलनात म्हणतात, ओटी सारवल्याचा अभिनय करतात, टाळ्या पडतात. त्यांना विचारायचं होतं की हे गाणं कुठल्या भागातलं, कुणाच्या तोंडचं? या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं असे. जुनं गाणं आहे, कोणी रचलं माहीत नाही. त्यांनाही मी तेच सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. त्या गेल्यावर चहाचे कप उचलताना मनात आलं, आपण ऐंशीला टेकलो. खरं काय ते माहीत असलेलं दुसरं माणूस आता जिवंत नाही.

तेव्हा लिहितो. ते गाणं माझ्या आईचं आहे. अर्धं तिचं आणि अर्धं तिच्या मैत्रिणीचं. त्या गाण्यात ओटी नाही, सासू नाही आणि दारही नाही.

माझ्या आईचं नाव नरसव्वा. आम्ही तिला अम्मा म्हणायचो. आमचं घर सोलापूरच्या साखर पेठेत, विणकरांच्या वस्तीत. घरात बोलणं तेलुगू. वडील घरच्या मागावर लुगडी विणत आणि अम्मा गिरणीत जाई. गिरणीत बायकांचं एक रिळिंग खातं असे. बॉबिनवरचं सूत फाळक्यावर, म्हणजे फिरत्या चाकावर, गुंडाळून त्याच्या लडी करायच्या, हे तिथलं काम. अम्मानं ते वीस-बावीस वर्षं केलं. ती माझ्याशी तेलुगूत बोलायची, ते मी इथे मराठीत लिहितो. जिथे शब्दच महत्त्वाचा, तिथे तो तसाच ठेवतो.

ती ठेंगणी होती. चालताना तिचा उजवा हात जरा पुढे असायचा आणि अंगठा नि तर्जनी एकमेकांना चिकटलेली, जशी काही त्यात अदृश्य धागा धरलाय. देवळात जाताना तशीच, बाजारातून येताना तशीच. समोरच्या एका दाताला बारीक खाच पडली होती. सूत दातानं तोडून तोडून पडलेली. हसताना ती खाच आधी दिसायची, मग हसू.

जमिनीवर पडलेला धागा तिला ओलांडून जाता येत नसे. बोटभर लांबीचाही तुकडा ती उचलायची, बसली असेल तर पायाच्या अंगठ्याला गुंडाळून ठेवायची आणि उठताना पदराच्या गाठीत टाकायची. त्या तुकड्यांना तुकडे जोडून केलेला एक गुंडा आमच्या घरात कायम असे. निरनिराळ्या जाडीचा, निरनिराळ्या रंगांचा, लिंबापासून नारळापर्यंत वाढत जाणारा. गादी टाचायला, गजरे ओवायला, शेवग्याच्या शेंगांची जुडी बांधायला त्यातलाच दोरा. वडील चिडवायचे, "आपण मेल्यावर हिनं आपल्यालाही यानंच बांधायचं ठरवलंय." ती म्हणायची, "गाठी मोजून घ्या, एक तरी सुटते का बघा."

तिला तीन भाषा यायच्या आणि तिन्हींची कामं वाटून दिलेली होती. मोजायचं तेलुगूत, भांडायचं मराठीत, आणि कासाराकडून बांगड्या भरून घेताना दखनी. मराठी ती गिरणीत शिकली, तीही एकाच माणसाकडून. गोदाबाईकडून.

गोदाबाई मोहोळकडची. नवरा गेल्यावर भावाच्या दारात बसण्यापेक्षा म्हणून सोलापूरला आली आणि अम्माच्या शेजारच्या फाळक्यावर लागली. उंच, हाडाची, मोठ्या तोंडाची. अम्मा तिला गोदाक्का म्हणायची, ती अम्माला नरसू. पहिले सहा महिने दोघींना एकमेकींचं निम्मं बोलणं कळत नव्हतं, पण दोघींचं बोलणं थांबलं नव्हतं. गोदाबाई सांगायची, "तिचं मला कळंना, माजं तिला कळंना, म्हनून तर भांडान झालं न्हाई की."

अम्माचं एक वाक्य होतं. काहीही बिघडलं, कुणी रडत आलं, दोघांचं बिनसलं, की ती आधी म्हणायची, "रेंडु कोसलु." दोन्ही टोकं. सूत तुटलं की बाई घाबरते आणि हातात आलेलं एकच टोक ओढत सुटते. ते ओढलं की दुसरं आत जाऊन गुंततं. म्हणून आधी थांबायचं, दोन्ही टोकं शोधायची, मग बोलायचं.

हे ती गिरणीबाहेरही तसंच वापरायची. शेजारची एक मुलगी, दुधनीला दिलेली, नवऱ्याशी भांडून माहेरी येऊन बसली. आठ दिवस तिच्या घरात रडारड चालली होती. अम्मा गेली, तासभर ऐकलं आणि म्हणाली, "हे एक टोक झालं. दुसरं कुठाय?" रविवारी सुट्टी होती, ती गाडीत बसून एकटी दुधनीला गेली. तिकडे बोलणं कानडी, हिला कानडीचा गंध नाही. संध्याकाळी त्या जावयाला बरोबर घेऊन परत आली. वडिलांनी विचारलं, "काय बोललीस त्याच्याशी?"

"काही नाही. तो बोलला. मी ऐकलं."

"कळलं तुला?"

"नाही. पण एकदा सगळं बोलून झाल्यावर तो रडला. मग मी उठले, तोही उठला."

ती मुलगी पुढे दुधनीलाच नांदली. अम्माला ती दर संक्रांतीला तिळगूळ पाठवायची.

गाणं झालं ते असं. खात्यात एक नवी पोर लागली होती. तिचं सूत सारखं तुटायचं. तुटलं की ती भांबावायची, फाळका थांबवायचा विसरायची आणि सगळा गुंता व्हायचा. खात्यावर देखरेख करणाऱ्या बाईला गिरणीत नायकीण म्हणत. ती मागे उभी राहून ओरडायची, की पोर आणखी भांबावायची. ओरडणाऱ्या बाईसमोर शिकवणं शक्य नव्हतं, म्हणून अम्मानं गाण्यातून शिकवायला सुरुवात केली. पहिला शब्द तिचा, म्हणून तो तेलुगू. सुताच्या धाग्याला आम्ही 'दारम्' म्हणतो. तोंडात त्याचं होतं दारं. पुढचे मराठी शब्द गोदाबाईनं पुरवले. ते असं होतं:

दारं तुटलं, तुटू दे गं
दोनी टोकं हाती घे गं
ओटी लाव, वली कर
गाट पडंस्तोर धीर धर

नायकीन वरडली, वरडू दे गं
चाक थांबलं, थांबू दे गं
तुटल्याबिगार सूत न्हाई
जोडल्याबिगार घर न्हाई

यात न कळण्यासारखं काही नाही. धागा तुटला तर तुटू दे. दोन्ही टोकं हातात घे. ओठाला लावून ओली कर, म्हणजे पीळ बसतो. आमच्याकडे बोलण्यात ओठाचं ओट होतं, गाठीची गाट. गाठ पडेपर्यंत धीर धर. चार ओळी म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यातच गाठ मारून होते. अम्मानं तसं मोजूनच बसवलं होतं. शेवटच्या 'धर'ला दातानं टोक तोडायचं आणि चाक सोडायचं.

ती पोर आठवड्यात तयार झाली. गाणं साऱ्या खात्यात पसरलं. अम्मा घरीही तेच म्हणायची. भाकरी थापताना, वडिलांच्या मागावर तुटलेला धागा जोडून देताना, माझ्या सदऱ्याचं बटण लावताना. तिला दुसरी गाणी येत होती, पण तिचं असं हे एकच. कुणी आलं-गेलं की सांगायची, "हे मी आणि गोदाक्कानं केलंय." बाकी कशाबद्दल तिला असं मिरवताना मी पाहिलं नाही.

आता माझ्याकडे येतो. जेवढं लागेल तेवढंच.

मी मराठी शाळेत शिकलो आणि शहरातल्याच एका शाळेत शिक्षक म्हणून लागलो. सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. आमच्या वस्तीतून शिक्षक झालेला मी पहिलाच होतो. पहिल्याच आठवड्यात वर्गात गोंधळ चालला असताना माझ्या तोंडून निघून गेलं, "कूर्चो!" म्हणजे खाली बस. त्या दिवसापासून मी शाळेत कूर्चो मास्तर झालो. पोरं म्हणायची ते समजू शकतं, पण शिक्षकांच्या खोलीतही कुणीतरी खुर्ची पुढे सरकवून "कूर्चो, व्यंकटराव, कूर्चो" म्हणायचं. वाईट मनाची माणसं नव्हती ती. पण मी तेव्हापासून प्रत्येक वाक्य मनात आधी म्हणून बघायला लागलो. घरातलं काही चुकून बाहेर सांडू नये, एवढीच मला धास्ती असे.

हेडमास्तर पुण्याकडचे होते. सज्जन, हौशी. बायकांच्या तोंडची गाणी गोळा करून एक पुस्तिका छापावी आणि शाळेच्या अंगणात बायकांचा मेळावा घ्यावा, असं त्यांच्या मनात आलं. प्रत्येक शिक्षकानं घरून एक गाणं आणायचं होतं. मी अम्माचं गाणं लिहून नेलं. मला ते आवडायचं हे खरं, आणि त्यात मराठी शब्द जास्त होते हेही खरं.

हेडमास्तरांनी ते मोठ्यानं वाचलं आणि थांबले.

"व्यंकटराव, 'दारं' हे अनेकवचन, 'तुटलं' एकवचन. आणि दार तुटलं म्हणजे काय? दरोडा पडला?"

सगळे हसले. मीही हसलो.

माझ्या जिभेवर उत्तर होतं. 'सर, ते दार नव्हे, दारम्. आमच्याकडे धाग्याला म्हणतात.' एवढं बोलायला किती वेळ लागतो? पण 'आमच्याकडे' हा शब्द मला त्या खोलीत उच्चारायचा नव्हता. आणखी एक तेलुगू शब्द, आणखी एक नाव पडणार. मी म्हटलं, "दारच असेल, सर. ऐकण्यात चूक झाली असेल."

मग ते मन लावून दुरुस्तीला बसले. दार तुटलं बरं दिसत नाही, म्हणून दार मिटले. दाराला टोकं कुठली, म्हणून कड्या. 'ओटी लाव' याला अर्थ नाही. पुढे 'वली कर' आहे, तेव्हा ओटी सारव असणार. हे सुचल्यावर त्यांना फार आनंद झाला. 'गाट पडंस्तोर' म्हणजे भेट होईपर्यंत, हे त्यांच्या लेखी उघडच होतं. 'नायकीण' पाहून मात्र त्यांनी चष्मा काढला. पुस्तकी मराठीत तो शब्द कोठीवर नाचगाणं करणाऱ्या बाईचा. "हे बायकांच्या मेळाव्यात?" म्हणाले, आणि तिथे सासू आली. छापून आलं ते असं:

दार मिटले, मिटू दे गं
दोन्ही कड्या हाती घे गं
ओटी सारव, ओली कर
गाठ पडेतो धीर धर

सासू बोलली, बोलू दे गं
चक्र थांबले, थांबू दे गं
भेटल्याविना सुख नाही
धीर धरता दुःख नाही

खाली बारीक अक्षरात 'संग्राहक' म्हणून माझं नाव.

मी हेडमास्तरांना दोष देत नाही. त्यांच्या हातात सूत कधी तुटलेलं नव्हतं. माझ्या घरात रोज तुटत होतं.

पुस्तिका घरी आणली तेव्हा अम्मानं हात धुऊन ती घेतली. तिला वाचता येत नव्हतं. "तुझं नाव कुठं आहे?" मी बोट ठेवलं. तिनं त्या जागेवर स्वतःचं बोट ठेवून पाहिलं. मग म्हणाली, "गोदाक्काचं?"

"जागा नव्हती."

"एवढं कोरं आहे की खाली."

तिनं पुस्तिका देवांच्या फळीवर ठेवली आणि तिला हळदकुंकू लावलं. स्वतःच्या नावाचं तिनं विचारलंच नाही.

आत काय छापलंय ते मी तिला वाचून दाखवलं नव्हतं.

मेळावा दुपारचा होता. अम्मा आणि गोदाबाई धुवट लुगडी नेसून आल्या, सर्वांत मागे बसल्या. हेडमास्तरांनी आग्रहानं दोघींना पुढे बोलावलं. "हे गाणं ज्यांच्या घरातलं, त्या माउलींनीच म्हणावं." अम्मा उभी राहिली. पदर सारखा केला. अंगठा आणि तर्जनी चिकटवली आणि गायला लागली, जसं रोज म्हणते तसंच. दारं तुटलं, तुटू दे गं. बायकांच्या मांडीवर पुस्तिका होत्या. त्या पुस्तिकेत बघायच्या, तिच्याकडे बघायच्या, एकमेकींकडे बघायच्या.

गाणं संपल्यावर हेडमास्तरांच्या पत्नी, अगदी गोड स्वरात, म्हणाल्या, "छान म्हटलंत हो. पण इथं तर 'दार मिटले' आहे. तुम्ही दारं तुटलं म्हणता. दारं म्हणजे काय?"

अम्मा माझ्याकडे वळली.

हे तिचं नेहमीचं होतं. दवाखान्यात, पोस्टात, कुठेही मराठीत अडलं की ती माझ्याकडे वळायची आणि मी सांगायचो. त्यात तिला कधी संकोच वाटला नाही. उलट 'माझा मुलगा सांगेल' असा तिचा चेहरा व्हायचा. तोच चेहरा करून ती बघत होती.

मी म्हणालो, "दारच. अम्माचं मराठी कच्चं आहे. तिला नीट म्हणता येत नाही."

अंगणात बायका हसल्या. कुजकं हसू नव्हतं, माणसं सहज हसतात तसं. अम्माच्या मागेच बसलेली गोदाबाई ताडकन उठली, "आवं न्हाई बाई, दारं म्हंजे—"

अम्मानं तिचं मनगट धरलं. खाली बसवलं. मग मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "व्हय. माजं चुकलं. मास्तर सांगतो त्ये खरं."

त्याआधी तिनं मला कधी मास्तर म्हटलं नव्हतं. कोडका म्हणायची. मुला.

शेवटी हेडमास्तरांच्या पत्नींनी अम्माची खणा-नारळानं ओटी भरली. गोदाबाई विधवा, तिला नुसतं फूल दिलं.

दोन दिवसांनी गोदाबाई मला चौकात भेटली. शेजारच्या कुणाकडून तरी तिनं पुस्तिका वाचून घेतली होती.

"मास्तर, जरा थांब की."

थांबलो.

"ओटी सारवून सूत जोडतंय व्हय रं कुटं?"

"गोदाक्का, ते हेडमास्तरांनी—"

"हेडमास्तराला काय ठावं? त्याच्या आईनं काय फाळका फिरवला? तुला ठावं हुतं." तिनं बोटांवर मोजून दाखवलं. "एक ओटी तुमी छापून सारवली. एक ओटी नारळ घालून भरली. आमची ओटावरची कुटं गेली ती सांग."

मला हसू आलं. ते तिनं पाहिलं.

"हस. ती रडली असती तर बरं झालं असतं. घरी जाऊन बघ काय करतीया ती."

अम्मा काय करत होती ते मला माहीत होतं. ती नवं गाणं पाठ करत होती. मेळाव्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं मला ते वाचून दाखवायला सांगितलं, आणि मी दाखवलं. एका शब्दानंही तिनं विचारलं नाही की हे असं का. भाजी निवडताना अडखळत म्हणायची, "दार मिटलं—"

"मिटले," मी आतून सांगायचो.

"हां. मिटले. दोन्ही कड्या. कड्या म्हणजे दाराच्या ना?"

"हो."

"आता बरोबर आहे का?"

"बरोबर आहे."

असं किती दिवस चाललं ते आठवत नाही. तिच्या मुलाचं नाव त्या कागदावर होतं आणि आपण चुकीचं गायलो तर त्या नावाला खाली बघावं लागेल, एवढाच हिशेब तिनं केला असावा. गिरणीत बायका जुनंच म्हणत राहिल्या. गोदाबाईनंच पुढे सांगितलं, की गाणं सुरू झालं की अम्मा ओठ मिटून घेते. हात तिच्याच चालीवर चालतात, पण तोंडातून शब्द काढत नाही. नवं गाणं तिथे म्हणता येत नव्हतं, कारण कड्या हातात घेऊन नि ओटी सारवून गाठ पडायची नाही. जुनं म्हणायचं तर मास्तरच्या विरुद्ध जायचं.

पुस्तिका पुढे बऱ्याच शाळांत गेली. एका विद्वान गृहस्थांनी तर लेख लिहिला की मिटलेलं दार म्हणजे देह, आतली स्त्री म्हणजे जीव, आणि गाठ म्हणजे ईश्वराशी भेट. तो लेख हेडमास्तरांनी मला कौतुकानं दाखवला. मी आभार मानले. मग शाळेत मला कुणी कूर्चो म्हणेनासं झालं. हे मला मिळालं, ते कशाच्या बदल्यात ते वर लिहिलं आहे.

दोन-तीन वर्षांनी मला केम गावच्या शाळेत जागा मिळाली. जून महिना होता. त्याच श्रावणात अम्मा विषमज्वरानं गेली. पत्र मिळून मी पोहोचलो तोवर सगळं उरकलं होतं. वडिलांनी तिच्या पदराच्या गाठीत निघालेले सुताचे तुकडे एका कागदात ठेवले होते. ते त्यांनी मला दिले. गोदाबाई माझ्याशी बोलली नाही. पुढे खात्यात बायका कमी झाल्या तेव्हा ती मोहोळला परत गेली. मीही तिला शोधलं नाही.

म्हणजे मी अम्माला शेवटचं पाहिलं ते केमला निघताना, सोलापूरच्या स्टेशनवर.

गाडी फलाटावर लागली होती. वडील डब्यात जागा बघायला गेले होते. माझ्याकडे एक पेटी आणि अंथरुणाची वळकटी होती. वळकटी उचलली तशी तिची दोरी तुटली. अम्मा लगेच खाली बसली. "ओढू नको," म्हणाली, "दोन्ही टोकं सापडू दे." दोरी जुनी होती, तिनं कमरेच्या पिशवीतून गुंडा काढला, त्यातला चार पदरी दोरा करून घेतला, टोकं ओठांना लावली. आणि हात कामाला लागले तसं तिच्या तोंडून आपोआप निघालं, दोन-तीन वर्षांत ऐकलं नव्हतं त्या शब्दांत:

"दारं तुटलं, तु—"

ती थांबली. माझ्याकडे वर बघितलं. दाताची ती खाच दिसली, मग हसू आलं. चूक पकडली गेल्यावर मुलं हसतात तसं. म्हणाली, "विसरलेच बघ. दार. दार मिटले." आणि मान खाली घालून ते चारही चरण, एकही शब्द न चुकता, माझ्यासाठी म्हणून दाखवत तिनं गाठ मारली. गाणं आधी संपलं, गाठ नंतर पडली. शब्द बदलल्यावर मापही राहिलं नव्हतं. मग दातानं टोक तोडलं आणि वळकटी माझ्या हातात दिली.

"जा कोडका. घट्ट आहे."

मी चढलो. ती खिडकीशी आली नाही, फलाटावर पडलेला दोऱ्याचा तुकडा उचलायला वाकली होती. गाडी हलली तेव्हाही ती तो अंगठ्याला गुंडाळत होती.

सोलापूर सुटल्यावर मी वाक्य जुळवायला लागलो. मराठीत जुळवलं, ते लांबलं, त्यात हेडमास्तर आले, शाळा आली, माझी अडचण आली. ते सगळं खोडलं. मोहोळ येईपर्यंत ते तेलुगूत आलं आणि अगदी लहान झालं. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो की आधी हेच म्हणायचं, असं ठरवून मी ते मनात घोकत राहिलो:

"अम्मा, दारमे. तप्पु नादि."

दारम्‌च, अम्मा. चूक माझी.